रानओव्याची बाटली

९ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं खोकं सुखरूप पोचलं. बाटली फुटली नव्हती, सांडली नव्हती, जुन्या चादरीच्या चिंध्यांत गुंडाळलेली होती. ते बांधकाम पाहून आमचा शिपाई म्हणाला, "बाई, यात तान्हं बाळ आहे की काय?" मी सांगितलं, माझी वहिनी लग्नाआधी औषधांच्या दुकानात होती, बाटल्या बांधण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

फोन न करता लिहिते आहे, कारण मी फोन केला की दादा लगेच स्पीकर लावतो आणि मग आपलं बोलणं सगळं घर ऐकतं. शिवाय तू चार पानी चिठ्ठी पाठवलीस, तिचं उत्तर फोनवर "हो, पोचलं" एवढ्यात उरकणं बरं दिसलं नसतं.

मी ठीक आहे. घरमालकीण म्हणते, माझ्या कपड्यांना सर्दीच्या मलमाचा वास येतो. परवा तिनं दोरीवरचे माझे कपडे बाजूला सरकवून ठेवले होते. मी तिला म्हटलं, दिवसभर तेलांत बसल्यावर दुसरं काय होणार? मोगऱ्याचा वास यायला मी काही बागेत कामाला नाही.

आता तुझ्या तेलाचं. तू लिहितेस, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, ओढा वळतो तिथे, रानओव्याचा एक पट्टा सापडला आणि त्याला चक्क लिंबाचा वास येतो. बाबा खूश आहेत, पुढच्या महिन्यात वनस्पती अभ्यासकांच्या संमेलनात तू त्यावर निबंध वाचावास असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यासाठी माझ्या प्रयोगशाळेचा शिक्का हवा. हे सगळं वाचलं. पण मशीन सध्या आजारी आहे गं. वायूची नळी गळते आहे, दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करतो आहे. म्हणून थोडी कळ काढ.

तू विचारलंस, मशीन ओळखतं कसं? अगदी सोपं सांगते. तेलाचा थेंब आत सोडला की त्यातला एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो, आणि कागदावर एकेक शिखर उठतं. जेवढा घटक जास्त तेवढं शिखर मोठं. आपल्या टेकडीवरच्या रानओव्यात थायमॉलचं शिखर सगळ्यांत मोठं. ओव्याचा जो झणका नाकात जातो ना, तो थायमॉलचा. मी कॉलेजात असल्यापासून त्या टेकडीचं तेल काढते आहे, बाबांबरोबर तिचा दगडन् दगड तुडवला आहे, दुसरं काही निघालेलं मला तरी आठवत नाही. पण असो, मशीन सांगेल ते खरं.

दादानं पाठवलेला फोटो पाहिला. तू आणि बाबा ओढ्याच्या काठावर. बाबा चक्क हसताहेत. फोटो काढताना ते नेहमी परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा चेहरा करतात, हे तुला ठाऊक नसेल. तुझ्या खांद्याला माझी पिशवी दिसली. वापर, वापरायलाच आहे ती. फक्त पट्ट्याला गाठ मारली आहेस तेवढी सोडून ठेवत जा. आईनं तो माझ्या मापानं शिवला होता, गाठीनं कापड चुरगळतं.

बाबांची तब्येत कशी आहे? उन्हाळ्यात मी घरी आले होते तेव्हा त्यांच्यासाठी मुद्दाम तीन तेलं आणली होती. आमचा खेळ तुला माहीत आहेच. डोळे मिटायचे, हुंगायचं, आत काय काय आहे ते सांगायचं. लहानपणी मी चुकले की ते नुसती मान हलवायचे आणि बरोबर आलं की म्हणायचे, "बरोबर, नाकू." या खेळातूनच ते नाव पडलं मला. यावेळी त्यांनी तिन्ही बाटल्या हुंगल्या आणि म्हणाले, "छान." तिन्हींना छान! एवढं वर्षभरानं आणलेलं, आणि पाहुण्यांच्या चहाला म्हणतात तसं छान. मग लगेच तुला हाक मारली आणि टेकडीवर कधी जायचं ते विचारायला लागले.

बाकी काही नाही. बाबांनी तुला अजून टोपणनाव ठेवलेलं नाही ना? सहज विचारते.

दादाला सांग, गुडघ्याचं तेल दोन वेळा लावायचं, आठवण येईल तेव्हा नाही.

तुझी वन्सं

(तूच चिडवायला म्हणून हाक मारतेस, म्हणून तसंच लिहिते. आजकाल कोण कुणाला वन्सं म्हणतं!)

*

२१ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार. मशीन सुरू झालं. तुझं तेल लावून पाहिलं. बातमी चांगली नाही, पण घरच्या माणसानं सांगितलेली बरी, नाही का?

पहिली गोष्ट. आलेखाच्या अगदी शेवटी एक आगंतुक शिखर आलं. पाच मिनिटं मीही तेच पुन्हा पुन्हा पाहत बसले. मग बाटलीचं बूच काढून पाहिलं तर खाली प्लास्टिकचा कागद! सांडू नये म्हणून लावलास, हेतू चांगला. पण तेल प्लास्टिक चाटतं आणि मग तेच मशीनमधून बाहेर येतं. या धंद्यातल्या नवख्या माणसाची ही पहिली चूक असते. तुला कुणी सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मोठी आहे. या तेलात सिट्राल निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे लिंबाचा वास आहे तो. आणि थायमॉल? नावालाही नाही. मला ते खटकलं. म्हणून मी रविवारी बाबांना फोन केला. दादा बाहेर होता, त्यामुळे नीट बोलता आलं. मी विचारलं, "बाबा, वहिनीच्या तेलात लिंबाखाली काय आहे?" ते म्हणाले, "खाली ओवा आहेच की. चांगला दणदणीत आहे." मी पुन्हा विचारलं, "नक्की?" तर म्हणाले, "अगं, रानओव्याला ओव्याचा वास नाही येणार तर कुणाला?"

आता तूच सांग. बाबांच्या नाकावर माझा या मशीनपेक्षा जास्त भरवसा आहे. शाळेत असताना मी पाहिलं आहे, वाळलेल्या काडीचा वास घेऊन ती टेकडीच्या कुठल्या अंगाची हे ते सांगायचे. आणि ते म्हणतात त्या तेलात दणदणीत ओवा आहे. माझ्याकडे आलेल्या बाटलीत ओव्याचा मागमूस नाही. म्हणजे बाबांनी हुंगलं ते तेल वेगळं आणि तू मला पाठवलंस ते वेगळं.

आपल्या अंगणात गवती चहा आहे. त्याचं तेल तू मागच्या महिन्यात काढलंस, असं तूच लिहिलं होतंस. त्यात सिट्रालच असतं. एक तर बाटल्या अदलाबदल झाल्या, नाही तर तेल काढायचं तांब्याचं भांडं न धुता तू त्यातच दुसरी पानं घातलीस. बाबांबरोबर चार वेळा टेकडी चढली म्हणजे हे काम येत नाही, वहिनी. मी भांडं आधी साबणानं, मग राखेनं, मग नुसत्या वाफेनं धुवायची. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि तीनदा झालं की नाही ते पाहायचे.

माझं ऐकशील तर संमेलनाला नाव मागे घे. माझा शिक्का मी यावर देऊ शकत नाही. तिथे सगळे बाबांना मास्तर म्हणून ओळखतात. गवती चहाचं तेल रानओव्याचं म्हणून वाचलंस तर हसू तुझं होणार नाही, त्यांचं होईल. कागदावर तुझं नाव पहिलं असलं तरी लोक म्हणणार, मास्तरांचं वय झालं.

निबंधाच्या मसुद्यात तू माझं नाव तिसरं घातलं आहेस. "विश्लेषणासाठी साहाय्य" म्हणून. त्याची गरज नाही.

राग मानू नकोस. स्पष्ट बोललेलं पुढे बरं असतं.

वन्सं

*

४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

नमस्कार करायला आज मलाच कसंतरी होतं आहे, तरी करते.

तुझं उत्तर मिळालं. एकच ओळ: "भांडं मी तीनदा धुतलं होतं, तरी ताजी पानं पाठवते, तुम्हीच पाहा." बाकी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. तू मला एरवी 'तू' म्हणतेस. त्या 'तुम्ही'वर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

काल दादाचा फोन आला. स्पीकर न लावता. गच्चीवर जाऊन करत होता, वाऱ्याचा आवाज येत होता. आधी म्हणाला, "तू असं काय लिहिलंस तिला? संमेलनाचं पत्र परत पाठवायला निघाली आहे ती." मी म्हटलं, "जे आहे ते लिहिलं. बाबाच म्हणाले त्यात ओवा आहे." मग म्हणाला, "बाबांना वास येत नाही."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतो ते. मी विचारलं, सर्दी झाली आहे का?

"थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच येत नाही. दूध करपलं तर शेजारच्या खोलीतून ही धावते, ते शेजारी बसलेले असतात. मला हिनं आठवड्यापूर्वी सांगितलं, तेही तुझं पत्र वाचून रडत होती म्हणून. बाबांनी शपथ घातली होती तिला. म्हणाले, एक वेळ घरात कुणाला कळलं तरी चालेल, नाकूला नाही." आणि मग चिडून म्हणाला, "ती त्यांचं नाक आहे गं सध्या. म्हणून नेतात तिला टेकडीवर. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, तू माझी जागा घेतलीस. मला वाटलं, मी शहरात शिकायला आले, मशीनपाशी बसले, आणि तू मागच्या दारानं येऊन माझी पिशवी, माझी टेकडी, माझे बाबा सगळं खांद्याला अडकवून चालू लागलीस. तुझं पत्र आलं की मी आधी त्यात 'बाबा' किती वेळा आलं आहे ते पाहायचे. फोटोत ते हसत होते, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी जळते तुझ्यावर वहिनी. हे लिहून टाकलं की कमी होईल असं वाटलं होतं, पण तसं काही होत नाही.

आता तेलाचं सगळं सांगते. मशीन कधीच बिघडलेलं नव्हतं. खोकं आलं त्याच दिवशी, डबा न खाता, मी तुझं तेल लावलं होतं. सिट्रालची दोन शिखरं, ते जोडीनंच येतं, शेजारी शेजारी उठली आणि थायमॉलची जागा कोरी. मी बाटलीत नाक घातलं. लिंबू, आणि लिंबाखाली गुलाब. ओवा नव्हताच. तेव्हाच मला कळलं होतं की तू काहीतरी मोठं शोधलं आहेस. आपल्या टेकडीवर, ज्या वळणावरून मी शंभरदा गेले आणि कधी वाकले नाही, तिथे.

मग मी चूक शोधायला बसले. तुझी चूक. इतकं मन लावून मी स्वतःच्या कामात कधी शोधली नव्हती. प्लास्टिक सापडलं तेव्हा मला आनंद झाला, पण तेवढ्यानं काम भागत नव्हतं, कारण ते शिखर टोकाला एकटंच होतं, बाकीच्या आलेखाला त्याचा धक्का लागत नव्हता. मग गवती चहा आठवला. गवती चहात सिट्रालबरोबर मायरसिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. तुझ्या तेलात ते तसंच निघालं असतं तर तू पकडली गेली असतीस. मी ती जागा भिंगातून पाहिली. तिथे काही नव्हतं. मशीनमधली घटक वेगळे करणारी नळी बदलून तेल पुन्हा लावलं, तिथेही नव्हतं. बाजारातून गवती चहाचं तेल आणून शेजारी लावलं. त्याचं मायरसिनचं शिखर डोंगराएवढं, तुझी रेघ सपाट. आणि हे सगळं हातात असताना मी तुला ते पत्र लिहिलं. बाबांचं एक वाक्य मिळालं आणि मी त्याला लोंबकळले. मायरसिनबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तुझी ताजी पानं मिळाल्यावर तीही पाहिली. भांडं नको, वाफ नको, कुणाचं धुणं नको, म्हणून नुसती द्रावकात भिजवली. तेच निघालं. सिट्राल, आणि गुलाबाचा जो वास तो जेरॅनिऑलचा. आता यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. संमेलनातला सगळ्यांत खवट म्हातारा जे प्रश्न विचारेल ते सगळे माझे आधीच विचारून झाले आहेत, त्याच्यापेक्षा खवटपणे. उत्तरं सोबतच्या कागदांत आहेत, क्रमानं लावली आहेत. शिक्का मारला आहे. नाव मागे घेतलंस तर याद राख.

पण तुला एक विचारायचं आहे, आणि तू खरं सांग. माझं पत्र मिळालं तेव्हा तुला एका वाक्यात सुटता आलं असतं. "बाबांना वास येत नाही," एवढंच. ते का लिहिलं नाहीस? मी तुला वेंधळी म्हटलं, भांडं न धुणारी म्हटलं, आणि तू मला मूठभर पानं पाठवलीस. तुझ्या जागी मी असते तर सांगून मोकळी झाले असते. हे कळल्यापासून मी तुझ्यावर आणखी जळते आहे. आधी निदान तुझ्यात काहीतरी खोट आहे एवढा आधार होता.

आणि बाबांनी मलाच का वगळलं याचा मी कालपासून विचार करते आहे. तिन्ही बाटल्यांना "छान" म्हणाले होते ना, ते आठवलं. डोळे मिटले होते त्यांनी, आणि प्रत्येक बाटली दोनदोनदा नाकाशी नेली होती. मला वाटलं, कंटाळले. मी तोंड फुगवून बसले. मी तेव्हा विचारलं असतं, "बाबा, काय झालं?" तर कदाचित बोलले असते. पण आमच्यात असं विचारायची रीतच नाही. आमच्यात फक्त बरोबर आणि चूक. तुझ्यासमोर ते चुकू शकतात वहिनी. तुझ्या हातात फांदी देऊन म्हणू शकतात, मला येत नाही, तू सांग. माझ्यासमोर त्यांना ते जमलं नाही. मला बाकी सगळ्यापेक्षा याचाच हेवा वाटतो.

दादाचा फोन ठेवल्यावर मी बाबांना लावला. त्यांना काही कळू दिलं नाही. तेच म्हणाले, "तेलाचं काय झालं? मागच्या वेळी मी घाईत बोललो. पुन्हा नीट हुंगून पाहिलं. लिंबू आहे, त्याखाली गुलाब, आणि अगदी तळाला ओल्या गवतासारखं काहीतरी." अगदी धडा पाठ म्हणावा तसं. हे शब्द तुझ्या पहिल्या चिठ्ठीतले आहेत, मी ओळखले. माझं पत्र वाचल्यावर तू त्यांच्याकडून पाठ करून घेतलंस, हो ना? पुन्हा माझ्या तावडीत सापडू नयेत म्हणून. एवढं बोलून ते पलीकडे थांबून राहिले, मी काय म्हणते ते ऐकायला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, "बरोबर, बाबा."

त्यांनी हुश्श केलं. मग खूप बोलले, ओढ्याचं, पाण्याचं, गुडघ्याचं. तुझंही. ऐकवत नव्हतं, तरी सगळं ऐकलं.

मला कळलं आहे हे त्यांना सांगू नकोस. दादालाही बजाव. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तेलं आणीन, आणि तू आधी हुंगून त्यांना सांगून ठेव. मी पलीकडच्या खोलीत मोठ्यानं काहीतरी शोधत बसेन. तेवढा वेळ पुरेल ना?

माझं नाव तिसरंच राहू दे. त्या जागी मी काम केलं आहे, कशासाठी केलं ते सोड.

पिशवीच्या पट्ट्याचं मी उगाच लिहिलं. गाठ खांद्याला रुतत असेल, आणि टेकडी चढताना बाबांचा हातही तुलाच धरावा लागत असेल. पट्टा कापून घे आणि तुझ्या मापानं नीट शिवून घे.

कापलेला तुकडा मात्र टाकू नकोस. मला पाठव.

तुझी, अजून जळणारी,
नाकू